तासभर माझ्याकडे आलेला तुझा नंबर

प्रिय वेंडेल,

जानेवारीत तुझा फोन तासभर बंद पडला, तो कंपनीच्या घोळामुळे नव्हे. घोळ माझा होता. आपल्या फॅमिली प्लॅनमध्ये तुझ्या नंबरवर नवा फोन सवलतीत मिळत होता. तू जुन्यावरच खूश होतास आणि इकडे माझा हीटर बिघडलेला. तो नवा फोन विकून दुरुस्तीचे पैसे काढावेत म्हणून तुला न विचारता मी तो मागवला. पण सवलत टिकायला तो आधी तुझ्याच नंबरवर चालू करावा लागला.

चालू केला आणि लगेच वाजला.

"डॅडी?"

तुझ्या दारूपायी घर सोडून गेलेल्या शनीसचा आवाज, दोन वर्षांनी!

"अगं, मी अर्लीनआत्या."

"त्यांचा फोन तुझ्याकडे कसा? पुन्हा प्यायला लागलेत ना?"

"नाही गं! चौदा महिने थेंबाला शिवला नाही. फोन मीच लांबवलाय."

ती हसली, मग रडली, "नंतर करते" म्हणाली. मी नंबर तुझ्या फोनवर परत आणला आणि नवा फोन एका नर्सला विकला. तीन आठवडे रोज तुझा चेहरा बघत होते. तिचा फोन आल्याची खूण काही दिसेना. माझ्यामुळेच बिचकली असेल, या विचारानं आज लिहायला बसले.

आत्ताच तुझा फोन आला. हसू आवरत नव्हतं तुला. रविवारी शनीस जेवायला येतेय म्हणे.

हे पत्र देत नाही. ती जेवून गेली की तोंडीच सांगेन. तोवर सुखानं हसून घे.

तुझी,
अर्लीन