दोरी आतून ओढतात

३ सप्टेंबर १९९८, गुरुवार

रोशनबीचं चाळिसावं झालं. तिच्या माहेरची माणसं संध्याकाळच्या एसटीने गेली. घरात जेवण फार उरलं आहे.

जास्मिन सणसवाडीला परत जाताना पुन्हा तेच म्हणाली — गाड्यांच्या काचांचं हे दुकान कुणाला तरी द्या, अब्बा, आणि आमच्याकडे चला. पोरीचं चुकत नाही. बायको गेल्यावर माणूस एकटा कशाला राहतो! दौंडचे सोपानराव दुकान घ्यायला तयार आहेत. मी म्हणालो, गाडीची एक पुढची काच बसवून बघतो. नीट बसली तर राहतो. नाही तर पुढच्या रविवारी त्यांना चावी देतो.

४ सप्टेंबर, शुक्रवार

दुकान उघडलं. मारुतीच्या दाराची एक काच खपली. समोरचा चहावाला दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत होता. रडतो का ते बघत असावा.

६ सप्टेंबर, रविवार

न्हावऱ्याचे हौसराव ॲम्बॅसॅडर घेऊन आले. वाळूच्या ट्रकमागे होते. खडा उडाला आणि पुढची काच एका क्षणात पांढरी! रस्ता दिसेना. बुक्कीने भोक पाडलं आणि त्यातून बघत शिरूर गाठलं. धोतराच्या सोग्यात काचेचे खडे तसेच होते.

जुनी काच टफन होती. ती दाराला चांगली. फुटली की खडीसाखर होते, कुणाला फारसं कापत नाही. पुढे मात्र ती ऐन वेळी आंधळं करते. मी लॅमिनेटेड घ्या म्हणालो. तिच्यात दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. दगड लागला तर तडा जातो, पण काच जागेवर राहते आणि रस्ता दिसतो.

हौसराव म्हणाले, "म्हंजी तुमच्यावानी. तडा गेलाय, पन सांडत न्हाई."

मी म्हणालो, ती महाग असते.

म्हणाले, बसवा.

७ सप्टेंबर, सोमवार

पुण्याला काच सांगितली. बाकी काही नाही.

९ सप्टेंबर, बुधवार

काच आली.

पुढच्या काचेला दोन माणसं लागतात. काचेच्या कडेला रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं. मग एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने गाडीत बसून दोरी ओढायची. दोरी निघते तशी रबराची कड चौकटीवर चढत जाते.

दुकान काढल्यापासून बाहेर मी, आत रोशनबी. मी बाहेरून ओरडायचो — हळू, थांब, वरचा कोपरा आधी! ती मान हलवायची. गाडीत बसली की आधी दारांच्या काचा वर करून घ्यायची. धूळ येते म्हणायची. भर पावसातही धूळ येते म्हणायची. मी यावरून तिला खूप बोललो आहे. तिने ओढलेली एकही काच गळली नाही. मी लोकांना सांगायचो, गळेल कशी, बाहेर सांगायला मी उभा असतो.

आज आत पंक्चरवाला म्हस्कू बसला. गुणी माणूस. थांब म्हटलं की थांबायचा, ओढ म्हटलं की ओढायचा. काच बसली.

१० सप्टेंबर, गुरुवार

गळली. पावसात हौसरावांची चप्पल आणि पाय भिजले. "नबीलालभाई, पाय धुयाची सोय बी केली व्हय?" गाडी इथेच ठेवून गेले.

११ सप्टेंबर, शुक्रवार

काच काढून पुन्हा बसवली. म्हस्कूला या वेळी जास्त नीट सांगितलं. जास्त गळली.

१२ सप्टेंबर, शनिवार

सोपानरावांना फोन केला. उद्या या म्हणालो.

१३ सप्टेंबर, रविवार

जास्मिन माझं सामान बांधायला आली. म्हस्कू पाबळला पाहुण्यांकडे गेलेला. हौसरावांची गाडी गळकी सोडून जाणं मला बरं वाटेना. जास्मिनला दोरी ओढता येत नाही. ती म्हणाली, मी बाहेरून दाबते, तुम्ही आत बसा.

मी आत कधी बसलोच नव्हतो.

काच काढून पुन्हा दोरी घातली आणि ओढायला लागलो. ती बाहेरून — "अब्बा, हळू! थांबा! तिकडे नाही, वर!" अगदी माझीच पोरगी. ती बोलली की माझा हात थांबायचा. हात थांबला की रबर दुमडायचं. पुन्हा पहिल्यापासून. असं दोनदा झालं.

मग मी दारांच्या काचा वर केल्या.

जास्मिनचं तोंड हलत होतं. रस्त्यावर ट्रक जात होते. आत काही येत नव्हतं. मी मान हलवली. कुठे सैल सोडायचं, कुठे ओढायचं ते दोरीवरून हाताला कळत होतं. दोरी सरळ निघून आली.

वरून बादल्या ओतल्या. थेंब नाही.

सोपानराव आले. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

१४ सप्टेंबर, सोमवार

जास्मिनला एसटीत बसवलं. तिला विचारलं, अम्मीला खरंच धुळीचा त्रास होता का?

 ती म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती धूळ म्हणायची. मला म्हणाली होती, अब्बांना सांगू नकोस."

दुकान उघडलं. आजपासून म्हस्कू बाहेर, मी आत.