सगळ्या आळीचा एक हंडा

आत्या, मी तुझी सून लिहिते आहे. तू होतीस तेव्हा तुलाही वाचता येत नव्हतं आणि मलाही, म्हणून जे काय बोलायचं ते आपण तोंडानेच बोललो, आणि तोंड दोघींचंही काही कमी नव्हतं. अक्षरं मी फार मागून शिकले, स्वतः सासू झाल्यावर. वेलांट्या अजून चुकतात. पण आज लिहायचंच असं ठरवून बसले आहे, कारण सकाळी एक पोरगी मोबाईल घेऊन आली होती. गरीब कोण आणि किती, ते मोजायला. तिने पहिला प्रश्न विचारला आणि मला तुझा तो टोपीवाला साहेब आठवला.

मी लग्न होऊन आले तेव्हा स्वराज्य नवं होतं. समुद्र दाराशी, आणि प्यायला पाणी नाही. आळीतली विहीर मचूळ. तिच्या पाण्यात डाळ शिजायची नाही, चूल मात्र तासभर लाकडं खायची. प्यायचं पाणी खाजणाच्या खाऱ्या दलदलीतल्या बांधावरून पलीकडच्या नारळ-पोफळीच्या वाडीतून आणायचं. तिथे विहिरीच्या कठड्याला हात लावायचा नाही, लांब उभं राहायचं. आधी पोफळींना पाणी, मग आपल्याला. वाडीवाल्यांचा गडी ओतेल तेवढं घेऊन परत यायचं. कधी रहाट लवकर थांबायचा, कधी सावल्या फिरल्या तरी थांबायचा नाही. पायाला चटके बसायचे आणि तू घरी म्हणायचीस, "कुटं मेली होतीस?"

तो मोजणीचा साहेब आला त्या दिवशी पुरुष माणसं होड्या घेऊन दर्यात गेलेली. साहेब आळीच्या टोकापासून घर घर करत येतोय, भांडी मोजतोय, लुगडी विचारतोय, अशी बातमी आली. ननंदेची सोयरीक तेव्हा नुकतीच रेवसच्या बाजूला जमली होती. तू म्हणालीस, "ही लोकं भिकारी हायत असं सरकारी कागदावर चढलं, तर उद्या पोरीला कोन करंल?" आळीत प्रत्येक घरात लग्नाची पोरगी होतीच, म्हणून तुझं म्हणणं सगळ्या बायांना पटलं. पाहुण्याला पाणी पितळेतून द्यायचं ही आपली रीत, आणि आख्ख्या आळीत धड पितळेचा हंडा एकच, माझ्या माहेरचा. बाकी सगळी मडकी. मग काय, साहेब पुढच्या दाराने बाहेर पडला की हंडा मागच्या दाराने पुढच्या घरी. भरलेला हंडा, बायांच्या हातोहात, माडाच्या आळ्यांतून, सुकत घातलेल्या बोंबलांच्या दांड्यांखालून. एका ठिकाणी कोंबडी पायात आली, अर्धं पाणी सांडलं, आणि शेजारच्या म्हातारीने कोंबडीला सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या. साहेबाने विचारलं, "काय झालं?" त्या दारात मी होते, म्हटलं, "काय न्हाय, पाव्हण्यांचं कवतिक चाललंय."

आपल्या घरी तो शेवटी आला. मी दाराबाहेर शोभेला रांगोळीसारखी बसवलेली, आणि तू आत त्याला उत्तरं देत होतीस.

"दिवसातून किती वेळा जेवता?"

"भूक लागंल तितक्या येळा."

"लुगडी किती?"

"एक अंगावर, एक दांडीवर. पेटीतली बघायचीत? बायकोला घेऊन या."

बिचारा लाल झाला. मग त्याने हंड्याकडे बघितलं आणि वाकून काठावरचं नाव वाचलं. आत्या, ते नाव आपल्यातल्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या लग्नात बापाने टोच्याने कोरून घेतलेलं त्याचं नाव. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती नक्षीच. साहेब म्हणाला, "हा माणूस कोण? सगळ्या घरांतल्या हंड्यांवर याचंच नाव कसं?" तू पापणी हलवली नाहीस. म्हणालीस, "कासार हाय तो. एकाच कासाराकडनं घेतो आमी समदी."

त्याने लिहून घेतलं. गेला. बाया इतक्या हसल्या की मडकी हिंदकळली. तू पण हसलीस, पदर तोंडाला लावून.

पावसाळा सरला आणि सरकारी विहीर पलीकडे मिठागराच्या वस्तीत खणायला घेतली. त्यांचं वाईट नाही म्हणत मी. मिठात पाय कुजलेली माणसं ती, त्यांनाही घसा होताच. पण बाजारात ग्रामसेवक भेटला तेव्हा मी विचारलं, आमचं काय? तो हसून म्हणाला, "तुमच्याकडे घरटी पितळेचा हंडा. तुम्हाला कसली अडचण?" मी घरी येऊन तुला सांगितलं. तू म्हणालीस, लिवणारा चुकला. मी म्हटलं, लिवणाऱ्याने जे दाखवलं ते लिवलं. तेव्हाच मी ठरवलं की दुसरा कुणी आला तर ही सोंगं नाहीत. ननंद आता तिच्या घरी होती, तिच्या लग्नाचा धाक दाखवायची सोय तुला राहिली नव्हती.

दुसरा साहेब आला तो ऐन उन्हाळ्यात. तू आतून म्हणालीस, "हंडा काड."

"रिकामा हाय."

"मंग भर."

"तेच सायबांना दावते, कसा भरतात त्ये."

मी हंडा काखेला लावला आणि साहेबाला म्हटलं, "पाणी पायजे ना? चला." तो कसनुसा हसला, पण आला. सगळी आळी दारात. बांधावर भरतीचा चिखल होता, साहेबाने बूट काढून हातात घेतले. वाडीशी मी लांब उभी राहिले, तोही राहिला. रहाट चालूच. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "अजून किती वेळ?" मी म्हटलं, "पोफळींना इचारा." रहाट थांबल्यावर गड्याने हंड्यात ओतलं. परत दारात येऊन मी त्याला भांडंभर पाणी दिलं, तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि मी म्हटलं, "आता लिवा. हंडा एक. आख्ख्या आळीचा."

तो गेल्यावर तू म्हणालीस, "घरची अब्रू डोक्यावर घेऊन बांधावरनं फिरवलीस." मी म्हटलं, "अब्रू न्हाय, पाणी होतं." त्या दिवसापासून मी आणलेलं पाणी तू प्यायली नाहीस. त्या वयात आपलं मडकं घेऊन स्वतः बांधावरून जायचीस, मी पुढे, तू मागे. पडली असतीस म्हणजे? पण तुला सांगणार कोण. मी चाल हळू ठेवायची आणि तू ओरडायचीस, "वाट आडवू नको."

विहीर आली. सावकाश आली, सरकार ते, पण आली. पाणी गोडं लागलं. पहिला घोट सगळ्यांनी तुला दिला. तू चूळ फिरवल्यासारखं केलंस आणि म्हणालीस, "जरा मचूळच हाय." नंतर मात्र ननंदेच्या सासरचे आले की त्यांना हात धरून दाखवायला न्यायचीस, आमची इहीर, म्हणून. मी चुलीपुढून ऐकायची. तू गेलीस तेव्हा तुझ्या तोंडात घातलं ते पाणी त्याच विहिरीचं, आणि मीच काढलेलं. तेव्हा नाही म्हणायची ताकद तुझ्यात नव्हती.

आता आजचं. हल्ली उलटं झालंय. मोजणारी यायच्या आधी नातसुनेने फ्रीजवर चादर घातली, वर दोन टोपल्या ठेवल्या. म्हणे, आजी, आहे म्हटलं तर नाव कापतील. मी टोपल्या उतरवल्या, चादर ओढली. म्हटलं, या घरात एकदा नाही ते आहे म्हणून झालंय, आता आहे ते नाही म्हणून नको. ती फुगून बसली. मोजणाऱ्या पोरीने विचारलं ते सगळं मी खरं खरं सांगितलं. फ्रीज आहे. होडी नाही, विकली. नातवाला काम महिन्यातले काही दिवस. नळ आहे, पाणी त्याच्या मर्जीने. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

मग तिने पाणी मागितलं. नातसून बाटली घेऊन आली, मी म्हटलं, राहू दे, आणि हंड्यातलं दिलं. पोरगी वाकली, काठावरचं नाव बोट फिरवून वाचलं आणि म्हणाली, "आजी, हे कोण?"

आत्या, आता मला वाचता येतं. बाप माझा आहे, नाव त्याचं आहे, लपवायचं कारण एक नव्हतं. आणि तरी तोंडातून निघालं, "कासार."

तिने मान हलवली, पाणी प्यायली, गेली. एवढंच तुला सांगायचं होतं. हा कागद कुठे जायचा नाही, मला ठाऊक आहे. मोजणारी येणार कळल्यावर हंडाही मी काल चिंच लावून घासला होता.