पाकिटावरचा मी

१४ मे २००८, सकाळ
अंबडच्या बाजारात कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावर मी दिसलो. बिलकुल मीच. बहिणीच्या लग्नातला, फेट्यातला फोटो. खाली छापलंय: समाधानी शेतकरी रामराव, हसनाबाद, एकरी अठरा क्विंटल. माझं नाव मच्छिंद्र. धंदा नेट कॅफे. आमची शेती म्हणजे खिडकीतली तुळस.
फोटो मीच साइटवर टाकल्ता. स्थळं यावीत म्हणून 'सगळ्यांना दिसू द्या'वर क्लिक केल्तं.
संकल्प: कंपनीला कडक ई-मेल.

१५ मे
निम्मा ई-मेल झाला आणि लाइट गेली.

१९ मे
घाई नको. न्हाव्यानं आज लाइन मोडून मला आधी बसवलं. रामराव तुम्हीच का, म्हणाला. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही हो म्हणणं न्हाई.
संध्याकाळी गिऱ्हाइकांना बजावलं, नेटवर आपली माहिती जपा. माझा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलाय, पण ती गोष्ट वेगळी.

२ जून
साळूमावशी घनसावंगीहून जीपनं आली. काका गेल्यापासून तीन एकर एकटीच बघते. पाकीट पुढं धरून म्हणाली, दुकानदाराचा मला भरोसा न्हाई, तू म्हणशील तं हेच पेरते. नाव दुसरंच कसं, तेही विचारलं. नेटवर टोपणनावं असतात, म्हणालो. पटलं तिला. पेर बिनधास्त, म्हणालो.
खरं सांगणार होतो, पण चहा आला.

११ जुलै
मावशीकडं गेल्तो. कोणतं वाण पेरलं ते ध्यानात राहावं म्हणून लोक रिकामं पाकीट काडीला खोचून धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, उभं करतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मीच. वाऱ्यानं डोलून राह्यलो. छाती फुगली.
एका पाकिटावरचे डोळे पावसानं धुऊन गेल्ते. तिकडं जास्त पाहिलं न्हाई.

३ सप्टेंबर
मावशीचा फोन. झाडं कमरेएवढी, बोंडाचा पत्ता न्हाई. धीर धर, म्हणालो. मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई, पण रामराव हेच म्हणाला असता.

२१ सप्टेंबर
न्हाव्यानं मला शेवटी बसवलं. वस्तरा गळ्याला लावून शांतपणे विचारलं, आमच्या सासऱ्याच्या रानात बोंडं कधी लागणार, रामराव?
संकल्प: दाढी वाढवणे.

५ ऑक्टोबर
ई-मेल एकदाचा पाठवला. माझा चेहरा मला न विचारता वापरला, वगैरे. लगेच परत आला. असा पत्ताच न्हाई म्हणे. दुकानदारानंही हात वर केले. कंपनी कुठंय कोणाला ठाऊक न्हाई. माझं दुकान सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेर चार-पाच जण नुसते उभे असतात. भीती वाटते.

१२ ऑक्टोबर
मावशीला खरं सांगायचंच, असं ठरवून निघालो. भाषण पाठ केल्तं. रस्त्यानं सगळ्या काड्यांवर माझ्या तोंडाला काळं फासलेलं. जीपमध्ये दाढीवर रुमाल धरून बसलो.
मावशीच्या धुऱ्यावरचं पाकीट मात्र स्वच्छ. मी भिजू नये म्हणून तिनं वरून प्लास्टिकची पिशवी बांधल्ती. मागं नुसती हिरवी झाडं. म्हणाली, लोक काळं फासायला आल्ते, हाकलून दिले. आमचा मच्छिंद्र खोटं बोलत न्हाई, माझंच नशीब फुटकं, पुढच्या साली पुन्हा हेच पेरते.
सांगणार होतो. या खेपेला चहाही आला न्हाई. म्हैस विकली म्हणाली.