कार्ड कुणी पुसलं

अब्बा, आज माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एक बाई मोबाइलचं मेमरी कार्ड घेऊन आली. लेकीच्या लग्नाचे फोटो गेले म्हणाली, आणि सोबतच्या सुनेकडे बोट करून म्हणाली, "हिनेच कायतरी दाबलंन्." सून खाली बघत उभी राहिली. मी कार्ड ठेवून घेतलं, उद्या या म्हटलं, आणि त्या गेल्यावर शटर अर्धं ओढून बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. या वर्षांत तुमच्याशी भांडायचं मी एकदाही मनावर घेतलं नाही. आज घेते.

तुम्ही बोटीवरून कायमचे परत आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. मोर्सचे संदेश बंद झाले, सगळं उपग्रहावर गेलं, आणि रेडिओ ऑफिसरची गरज उरली नाही म्हणून कंपनीने पत्र दिलं. दोन पेट्या आणि एक स्कॅनर घेऊन तुम्ही दारात उभे होतात. होड्यांचं बोलणं पकडणारा, हातात मावेल एवढा तो रेडिओ, बाजूला फट, तिच्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं कार्ड. तसलंच एक रिकामं कार्ड खोक्यात जादा होतं. पहिले कित्येक आठवडे तुम्ही कुणाशी धड बोलत नव्हतात. डायऱ्या उघडून बसायचात आणि एकेक स्टेशन, एकेक बंदर, मिरकरवाड्याच्या होड्या बोलायच्या ते सगळे चॅनेल त्या कार्डात भरायचात. मग हळूहळू आमच्या पडवीत माणसं यायला लागली. अमक्याची होडी कुठवर आली, वारा कसा आहे, विचारायला. एकदा दोन दिवस उशीर झालेल्या होडीवरच्या खलाशाची आई आली होती. तुम्ही बटणं फिरवत राहिलात, आणि खरखरीतून त्या होडीच्या तांडेलचा आवाज आला, इंजिन बंद पडलं होतं, आता येतोय. ती बाई पडवीतच मटकन बसली. अम्मीने तिला पाणी दिलं. तुमच्याकडे बघून माझा ऊर भरून आला होता, हेही लिहून ठेवते. नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगी सगळं वाईटच लिहिते.

आणि मला या वाटेला लावलंत तुम्हीच. सिंगापूरहून माझ्यासाठी सोल्डरिंग आयर्न आणलंत, तेव्हा मावशी म्हणाली, पोरीला सोन्याचं काहीतरी आणायचं सोडून हे काय. तुम्ही हसलात. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोम्याला मला घातलंत. पण त्या स्कॅनरला हात लावायचा नाही. "तुझं ते कॉलेजातलं. हे वेगळं," असं म्हणायचात. मी फडकं मारायला कपाटाजवळ गेले तरी तुमची मान वळायची.

तो मे महिन्यातला दिवस. पुण्याच्या एका कारखान्यातून मला मुलाखतीचं पत्र आलेलं होतं, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तुम्ही मला घेऊन निघणार होतात. बॅग भरलेली. अम्मीने वाटेसाठी रोट्या करायला घेतल्या होत्या. मी सकाळी कपाट पुसलं होतं, स्कॅनर उचलून परत जागच्या जागी ठेवला होता. दुपारी जेवणं झाल्यावर तुम्ही तो चालू केलात, आणि पडद्यावर एरर. कार्ड वाचत नाही. बंद केलात, चालू केलात. तेच.

"सकाळी कपाट कुणी पुसलंन्?"

"मी."

"मग झालं. वर्षभराचं काम गेलं माझं."

मी म्हटलं, अब्बा, उचलून ठेवल्याने कार्ड पुसलं जात नाही, मला बघू तरी द्या. तुम्ही रेडिओ माझ्यापुढे सरकवलात, अगदी भिरकावल्यासारखा. "बघ. आता राहिलंय काय त्यात."

मग मी बघितलं. अजून कुणी विचारलं तर त्याच क्रमाने सांगेन. आधी खोक्यातलं रिकामं कार्ड घातलं, एक चॅनेल भरला, रेडिओ बंद करून चालू केला. चॅनेल होता. म्हणजे फट ठीक, रेडिओ ठीक. मग तुमचं कार्ड काढून बघितलं. खाऱ्या हवेने त्याच्या पट्ट्यांवर जरा हिरवट चढलं होतं. स्पिरिटने पुसलं, वाळवलं, घातलं. एरर तशीच. तुम्हाला विचारून ते नव्याने फॉरमॅट केलं, तर मुकाट चालायला लागलं. म्हणजे कार्ड मेलेलं नव्हतं, त्यावरचं लिखाण तेवढं बिघडलं होतं. कार्डावर लिहीत असताना वीज तुटली की असं होतं, हे मला माहीत होतं. पण अडाप्टरची वीज गेली तरी आत सेल असतात. मी मागचं झाकण उघडलं. चारांच्या जागी तीन सेल होते. चौथा कुठे गेला ते शोधावं लागलं नाही. आठवडाभर बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ तुम्ही आदल्या संध्याकाळी चालू केलं होतंत, आणि ते टिकटिक करत होतं.

अकराच्या सुमारास लाइट गेली होती, अब्बा. तुम्ही तेव्हा नव्या होडीचा चॅनेल भरत होतात. "गेली वाटतं," असं तुम्ही म्हणालेलं मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं.

मी तुमच्यापुढे उघडं झाकण धरलं आणि घड्याळाकडे नुसतं बघितलं. तुम्ही पण बघितलंत. तुम्हाला कळलं. सगळा जन्म रेडिओत गेलेल्या माणसाला हे कळायला कितीसा वेळ लागतो? मला वाटलं, आता हसतील. म्हणतील, बरोबर पकडलंस. तुम्ही झाकण लावलंत, रेडिओ कपाटात ठेवलात आणि म्हणालात, "उद्याचं पुणं राहू दे. जिला घरातली एक वस्तू सांभाळता येत नाही, ती कारखान्यात काय करणार?"

अम्मी म्हणाली, "जाऊ दे गो, त्यांचं डोकं शांत झालं की बोलू." ते शांत होईपर्यंत गाडी गेली होती. पुढे मामांना तुम्ही सांगितलंत, तिचाच जीव होईना घर सोडून जायला. मी तिथेच चहा देत होते.

लग्न होऊन मी मालगुंडला आले. माझा नवरा तुम्हाला आवडायचा, कारण तो ऐकून घेतो. तोवर तुम्ही ते कार्ड डायऱ्यांवरून पुन्हा भरलं होतंत. ईदला आम्ही माहेरी आलो होतो, तुम्ही त्याला पडवीत बसवून स्कॅनर दाखवत होतात, आणि हसत हसत म्हणालात, "हिला यातलं काय कळत नाही हां. एकदा फडकं मारताना सगळं पुसून टाकलंन्." तोही हसला. वाईट मनाने नाही. मी शेवयांची वाटी त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नमाजाला गेलात तेव्हा मी स्कॅनर काढला. मेनूत जाऊन फॉरमॅट निवडलं. तो एकदा विचारतो, नक्की का. मी नक्की म्हटलं. बंद करून जागच्या जागी ठेवला आणि भाजी निवडायला बसले.

तुम्ही आलात, चालू केलात. बटणं दाबून बघितलीत. मग पडवीतून मला हाक मारलीत. माझा नवरा शेजारी होता. मला वाटलं, आता सुरू होणार. तुम्ही रेडिओ दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलात. "माझाच हात लागला असंल गो. आता दिसत पण नाही धड. तू बघतेस काय? तुला कळतं यातलं."

आयुष्यभर मला ऐकायचं होतं ते वाक्य ते. आणि तुम्ही चूक कबूल केलीत ती एकुलती एक, तीही तुमची नव्हती. मी रेडिओ हातात घेतला, दोन बटणं दाबल्यासारखी केली आणि म्हटलं, "गेलं सगळं, अब्बा. परत नाही यायचं." तुम्ही मान हलवलीत. पुन्हा काही ते कार्ड भरलं नाहीत. पडवीतली माणसंही हळूहळू यायची बंद झाली, आणि दोन पावसाळ्यांनी तुम्ही गेलात.

पुण्याचं मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करेन असंही वाटत नाही. हे लिहून ठेवायचं कुठे, कळत नाही. आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. नवरा जातो, तुमच्या कबरीवर फातिहा पढून येतो. त्याच्या हाती हे द्यायचं तर त्याला वाचून दाखवावं लागेल. त्याला अजून वाटतं, तुमचाच हात लागला होता. परवाच कुणाला तरी सांगत होता, शेवटी शेवटी अब्बांना दिसत नव्हतं, स्वतःचं कार्ड स्वतःच पुसलंन्. मी तिथेच होते.