खालच्या कुलपाची किल्ली

ता. ३ एप्रिल

चि. भाऊस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मी सुखरूप पोचले. विमानात कान दुखले, पण तू समजावायला बसलास की दुखतात तेवढे नाही. तुझी लेक न्यायला आली होती. बारीक झाली आहे, आणि तसं म्हटलं की चिडते, म्हणजे तब्येत उत्तम आहे. फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मागून वहिनी बोलते, म्हणून ठरवलं, आपलं पत्रच बरं.

आता मुख्य गोष्ट, आणि ओरडू नकोस. दुकानाच्या खालच्या कुलपाची किल्ली माझ्याबरोबर इथे आली आहे. वरच्या कुलपाची तुझ्या हातात दिली, ती मला आठवते. खालची नेहमीसारखी कमरेलाच राहिली. विमानतळावर तपासणीच्या दारातून जाताना ते यंत्र कोकलायला लागलं, तेव्हा लक्षात आलं. तोवर तू घरी जाऊन चहा पीत असशील. दुसरी किल्ली का केली नव्हती म्हणून विचारशील. उघडणारी मी, बंद करणारीही मी, दुसरी कुणासाठी करायची होती?

घाबरू नकोस, सोय केली आहे. लेकीच्या घराखाली, वळणावर, एक किल्लीवाला असतो. टपरी कपाटाएवढी, तो आत शिरला की भरली. चेहरा असा, की साऱ्या जगाने मिळून त्याचं काहीतरी लांबवलं आहे. मी किल्ली पुढे ठेवून खुणेने तशीच आणखी एक मागितली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि ही कुठल्या किल्ल्याची, असं काहीसं विचारलं. लेक म्हणते, तसं तो मुळीच म्हणाला नाही. पण मला चेहरे वाचता येतात, दुकान चालवलं आहे.

तो कानस चालवत होता आणि त्याच्या कोटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर झोके घेत होतं. भाऊ, तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी पर्समधून सुई-दोरा काढला आणि त्याचा कोट धरला. लेक माझं कोपर ओढत म्हणाली, आत्या, इथे असं कुणाला हात लावत नाहीत. तोवर माझे दोन टाके झाले होते. तो बिचारा कानस वर धरून पुतळ्यासारखा उभा. बटण लावून, वेढे देऊन, दातांनी दोरा तोडला. त्याने ते ओढून पाहिलं, पुन्हा जोरात ओढून पाहिलं, आणि हसला. मग किल्लीचे पैसे काही केल्या घेईना.

ती नवी किल्ली या पाकिटात आहे. जुनी मी ठेवते, कमरेला ती नसली की मला साडी सुटल्यासारखं वाटतं. आपला करार तोच: मी येईपर्यंत दुकान तू चालवायचंस, आल्यावर तू म्हणशील तसं. शेजारच्या मेडिकलवाल्यांना देऊन टाकू म्हणालास, तर देऊन टाकू. माझ्या गुडघ्यांसाठी म्हणतोस, एवढं मला कळतं. पण तू बसशील तोवर, जो बटण घेईल त्याला ते लावूनही द्यायचं. आपला शिरस्ता आहे तो.

राग ओसरला की पूर्वीचा लोभ काढून पुन्हा वापरावा.

तुझी,
ताई

—

ता. १६ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, किल्लीही. तोवर दुकान अर्थातच बंद. मेडिकलवाले हातोडी घेऊन हजर झाले होते, एका ठोक्याचं काम आहे म्हणाले. मी नको म्हटलं. तुझं कुलूप फुटलं असतं, तर तू तिथून विमान माघारी वळवलं असतंस. मेडिकलवाल्यांचं असंही म्हणणं आहे की ताईंनी किल्ली मुद्दामच नेली. मला ते अगदीच अशक्य वाटलं नाही.

तुझ्या किल्लीवाल्याची किल्ली सरळ फिरत नाही. आधी जरा उचलायची, मग आत दाबायची, मग गोडीगुलाबीने वळवायची. आपल्या घरातल्या बायकांसारखीच आहे, असं मी तुझ्या वहिनीला म्हणालो. संध्याकाळचा चहा मला स्वतः करावा लागला.

ताई, हे दुकान आहे की माळा? हुकांच्या डब्यात इलास्टिक, इलास्टिकच्या खोक्यात तुझा चष्मा, आणि पांढरी बटणं जिथे हात घालावा तिथे. काल एक बाई आल्या, म्हणाल्या, मागे नेली होती तसली लेस द्या. मागे म्हणजे केव्हा, विचारलं, तर म्हणाल्या, ताई असत्या तर त्यांनी विचारलं नसतं. पंख्याचा सगळा वारा गिऱ्हाइकाच्या बाकावर येतो आणि मालक घामाने निथळतो, ही कुणाची अक्कल?

बटणं लावून देण्याचं म्हणशील, तर मी उभा जन्म कचेरीत काढला तो परक्यांच्या सदऱ्यांत सुई खुपसण्यासाठी नव्हे. मी पाटी लावली आहे: बटणे विकत मिळतील, लावून मिळणार नाहीत. अक्षर चांगलं आलं आहे.

मेडिकलवाले रोज विचारतात. मधली भिंत पाडून त्यांना एकच मोठं दुकान करायचं आहे. तू ये, मग बोलू. पण माझं मत तेच आहे. पुरे झालं आता उभं राहणं. तिथे बागेत बस, फोटो काढ.

कंबर शाबूत असेपर्यंत तुझा आज्ञाधारक,
भाऊ

—

ता. २८ एप्रिल

चि. भाऊस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

ती पाटी आधी काढ. बाकीचं पत्र मग वाच.

काढलीस? बरं. पंख्याचं सांगते. गिऱ्हाईक वाऱ्याला बसलं की दोन गोष्टी बोलतं, आणि बोलता बोलता त्याला आठवतं की घरात पँटची चेनही नादुरुस्त आहे. ही अक्कल माझी.

तू म्हणालास म्हणून बागेत गेले होते. बाग सुंदर आहे. बागेत करण्यासारखं काही नाही. तेव्हापासून लेक ऑफिसला गेली की मी खाली रस्त्यावर. सकाळी सगळी शटरं वर जाताना जो खडखडाट होतो ना, तो हुबेहूब आपल्याकडचा. आधी दुकानापुढे पाणी मारतात, मग झाडतात, मग शेजाऱ्याच्या दारातला कचरा आपल्याकडे आला की त्याचा आपल्याकडे गेला यावर कुरबूर करतात. शब्द कळत नाहीत, पण मला सगळं समजतं. फळवाली सफरचंदं बाहीला पुसून रचते, डागाची बाजू मागे. मी पाहिलं, हे तिने पाहिलं, आणि मला डोळा मारला. घड्याळवाला दुकानात कुणी नसलं की भिंग डोळ्याला लावूनच पेंगतो, म्हणजे लांबून काम चालल्यासारखं दिसावं.

किल्लीवाल्याने आपल्या कोटाचं बटण साऱ्या रस्त्याला ओढून दाखवलं आहे. दुसऱ्या दिवशी फळवाली आपला झगा घेऊन आली, मग घड्याळवाला, मग दोन पाववाले. किल्लीवाल्याने टपरीच्या सावलीला मला एक स्टूल दिलं आहे. मी मराठीत बोलते, तो त्याच्या भाषेत बोलतो, कुणाचंच अडत नाही. लेक म्हणते, पाहुणी म्हणून आलेल्या माणसाने इथे पैसे घ्यायचे नसतात. मी कुठे घेते? पण सफरचंदांना कोण नाही म्हणणार? घरात पाय ठेवायला जागा नाही, इतकी झाली आहेत.

परवा गंमत झाली. एक रुबाबदार बाई बाहीचं बटण घेऊन आली. मी लावत असताना तुझी लेक समोरून आली आणि खांबाआड लपली. ती तिची साहेबीण होती. आता ऑफिसात लेकीला विचारतात म्हणे, आत्या उद्या बसणार आहेत का?

वहिनीला म्हणावं, तुझ्या हातच्या चहाची आठवण येते. भाऊच्या हातचा तिने पिऊ नये.

पाटी काढल्याचं कळव, म्हणजे आशीर्वाद वाढवून पाठवते.

तुझी,
ताई

—

ता. १३ मे

ती. वन्संना सा. न. वि. वि.

हे पत्र मी तुमच्या भावाला न दाखवता लिहिते आहे. ते चार ओळी खरडून कंबरेचं रडगाणं तुम्हाला पाठवतात, ते मी वाचलं. खरं काय आहे ते मी सांगते.

पाटी होती तोवर दुकानात चिटपाखरू फिरकेना. मग एक दिवस मुलाखतीला निघालेला एक मुलगा धावत आला, गळ्याखालचं बटण तुटलेलं. यांनी पाटीकडे बोट केलं. तो म्हणाला, काका, मला सुई धरता येत नाही. हे म्हणाले, मलाही येत नाही. शेवटी त्याला बनियनवर बाकावर बसवून हे सदरा मांडीवर घेऊन बसले. खूप वेळ लागला. झाल्यावर मोठ्या ऐटीत सदरा द्यायला उठले, तर सदरा जाईना. वन्सं, यांनी बटण सदऱ्यासकट स्वतःच्या पँटला शिवलं होतं!

मेडिकलवाले कात्री घेऊन आले. मी डबा घेऊन पोचले तेव्हा तो मुलगा हसून हसून बाकावर आडवा, आणि सगळ्यांत जास्त हे हसत होते. इतकं हसताना मी यांना, हे कचेरीत होते तोवर, कधी पाहिलं नव्हतं. बटण मग मीच लावून दिलं. मुलाला नोकरी लागली. तो पेढे द्यायला आला, त्या दिवशी पाटी उतरली.

आता घरात धड कपडा उरला नाही. हे स्वतःच्या सदऱ्यांची चांगली बटणं तोडतात आणि पुन्हा लावतात. उशांच्या अभ्र्यांनाही लावली. माझ्या गालावर रोज खळगे उमटतात. सकाळी माझ्याआधी आंघोळ करून किल्ली घेऊन तयार. पंख्याला कुणी हात लावलेला खपत नाही. मेडिकलवाले आले की हे कपाटामागे काहीतरी शोधत बसतात. मी विचारलं, की मग वन्संना कळवत का नाही? तर म्हणाले, इतकी वर्षं मीच दुकान बंद कर म्हणून मागे लागलो, आता कुठल्या तोंडाने सांगू?

तुम्ही काही कळलं आहे असं दाखवू नका.

गुडघ्यांना तेल लावत जा. माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमची,
वहिनी

—

ता. १४ मे

चि. भाऊस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं चार ओळींचं पत्र तेवढं मिळालं, तिकडची दुसरी काही खबर नाही. कंबर धरली, डास आहेत, डोळे शिणतात. पाटीबद्दल एक अक्षर नाही. वाचून मला वाईट वाटलं, आणि ते तुझ्यावर रागावून नव्हे.

तू टेबल-खुर्चीचा माणूस. तुला त्या गल्ल्यावर मी बसवलं, ते माझ्या हट्टापायी. तू कधी नाही म्हणत नाहीस, आधी कुरकुरतोस आणि मग करतोस, लहानपणापासून. तेव्हा आता माझंच ऐक. दुकान मेडिकलवाल्यांना देऊन टाक. मी येण्याची वाट पाहू नकोस. माझ्याकडची किल्ली आल्यावर देईन.

मला वाटायचं, दुकान गेलं की माझे हात रिकामे होतील. पण इथे परक्या रस्त्यावर एका स्टुलावर बसूनही माझं छान चाललं आहे. आपल्या घराच्या पायरीवर बसेन, गल्लीतली येतील. त्यासाठी तू कशाला घाम गाळायचास?

काल लेकीने परतीचं तिकीट काढलं आणि मी किल्लीवाल्याला बोटाने आकाश दाखवलं, मी जाणार म्हणून. त्याने पुन्हा त्याचा तो जगाने लुबाडलेला चेहरा केला. मग खणातून एक किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. कोरी, दातेच नसलेली. कशासाठी, ते मला कळलं नाही. आठवण म्हणून असेल.

मी आनंदात आहे. खरंच. पत्राच्या कोपऱ्यावर डाग दिसतो तो सफरचंदाचा आहे.

लोभ दुकानापुरता नव्हता, तो तसाच चालू ठेवावा.

तुझी,
ताई

—

ता. २७ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. देऊन टाक म्हणे! डाग सफरचंदाचा म्हणे! मी तुझा भाऊ आहे, सफरचंदाचा डाग मला कळतो.

दुकान द्यायचं नाही. करार काय होता? मी म्हणेन तसं. मग मी म्हणतो, नाही. मेडिकलवाल्यांना कालच सांगितलं. ते रागावतील वाटलं होतं. ते म्हणाले, बरं झालं, औषधाच्या दुकानात कुणी हसत नाही, भिंतीपलीकडून आवाज येतो तो तरी राहील. आणि बाहीचं बटण लावून घेऊन गेले.

पाटी उतरवली आहे, तिच्या मागच्या बाजूला मी लेसचे भाव लिहिले. मला आता चार भोकांचं बटण लावता येतं. दोन भोकांचं अजून डुगडुगतं, ते तू शिकव. तुझ्या वहिनीने तुला काही कळवलं असेल तर त्यातलं निम्मं खोटं आहे. पँटचं खरं आहे.

गुडघ्यांचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. तू बसायचं, डबे मी काढायचे. गल्ल्यामागे उंच स्टूल करून घेतलं आहे.

आणि तुझी किल्ली तू मेडिकलवाल्यांना दिलीस तरी उपयोग नाही. वरचं जुनं कुलूप गंजलं होतं, ते बदललं. नव्याला एकच किल्ली आहे आणि ती माझ्या कमरेला आहे. म्हणजे आता तू एकटी दुकान उघडू शकत नाहीस. मी उघडू शकतो, पण तू आल्यावर तसा उघडणार नाही.

लवकर ये. लोभ फार साठला आहे, ठेवायला डबा नाही.

तुझा,
भाऊ

—

ता. ८ जून

चि. भाऊस अनेक उत्तम आशीर्वाद, कबूल केल्याप्रमाणे वाढवून. वि. वि.

तुझं पत्र मी स्टुलावरच वाचलं. मोठ्याने हसले, तेव्हा घड्याळवाला दचकून जागा झाला. मग डोळे पुसले, तेव्हा फळवाली धावत आली. तिला काय सांगणार? मी नुसतं खालची किल्ली दाखवली, मग वर बोट केलं, मग दोन हात एकमेकांत गुंफले. तिने ते साऱ्या रस्त्याला काहीतरी वेगळंच सांगितलं असावं, कारण सगळे येऊन माझं अभिनंदन करू लागले. लेक म्हणते, त्यांना वाटतं आहे की माझं लग्न ठरलं. मी म्हटलं, असू दे.

किल्लीवाल्याच्या हाती शेवटची भेट म्हणून सुया, दोऱ्याचं रीळ आणि कोटाची जादा बटणं ठेवली. सुईत दोरा ओवायला त्याला शिकवलं आहे. परवा त्याने पाववाल्याचं बटण लावून दिलं. डुगडुगतं, पण आहे.

आपल्या नाक्यावरच्या किल्लीवाल्याला गाठून ठेव. ती कोरी किल्ली मी पर्समध्ये घेऊन येते आहे. कशासाठी दिली होती ते आता कळलं. तुझ्या वरच्या कुलपाची दुसरी तिच्यातून कापून घेऊ.

विमानतळावर यंत्र पुन्हा कोकलेल. कोकलू दे. तू तेवढं बाकावर जरा सरकून बस, पंखा आहे तसाच ठेव, आणि लोभाला कुलूप लावू नकोस.

तुझी,
ताई