दहा मिनिटं पुढचं घड्याळ

मूर्तिजापूर, मंगळवार, दिवेलागण

शेतकरी कुटुंबांच्या मदतवाहिनीवर आज माझी ड्युटी. स्मार्टफोन बिघडल्यापासून त्यातल्या ॲपवर मिळणारा लॉगिनचा सहा आकडी कोड मी लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनवर कमांड देऊन काढते. आज प्रत्येक कोड चुकीचा. पुन्हा कमांड, नवा कोड, पुन्हा चुकीचा. बऱ्याच वेळानं स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे लक्ष गेलं. माझ्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा दहा मिनिटं पुढे. आणि कोड तर वेळेवरूनच बनतो.

"बाबा, तुमी या लॅपटॉपच्या घड्याळाले हात लावला का?"

"हो. भिंतीवरच्यासारखं दहा मिनिटं पुढं करून ठेवलं. मंग गाडी चुकत नाही."

त्यांच्यावर काय चिडायचं? मी आधी का नाही पाहिलं? वेळ नीट केली आणि पहिलाच कोड चालला. आत चांदूर रेल्वे गावाकडच्या एका बाईचे दोन मेसेज, मी कोडशी झगडत होते तेव्हाचे.

"ताई, कोनी हाय का तिथं? मले लय भेव वाटून राह्यलं."

त्याखाली, अर्ध्या तासानं, "राहू द्या."

तेव्हापासून बाबांच्या साध्या फोनवरून तिचा नंबर लावते आहे. बंद. दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं पुढे होतं.

बाबांनी आत्ता दारातून विचारलं, "झालं ना वेळेवर?"

मी हो म्हटलं.