दादाच्या गाडीची बॅटरी कोण खातं?

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला आहे. सध्या माझी कंबर वाकत नाही, आणि त्याला तुझीच गाडी जबाबदार आहे.) आम्ही सगळे बरे आहोत. तुझी तब्येत कशी आहे ते कळव. तू बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान सोडून परगावी नोकरी धरलीस त्याला पाच महिने झाले, आणि तेव्हापासून तुझं नि बाबांचं बोलणं बंद. मी फोन करते तेव्हा तू कामात असतोस, तू करतोस तेव्हा मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढत असते. "त्याचा फोन या घरात घ्यायचा नाही," हा बाबांचा हुकूम अजून कायम आहे, आणि आईने तो नवल वाटावं इतक्या निमूटपणे पाळला आहे. मला हे सगळं मुळीच आवडत नाही, पण माझं ऐकतो कोण. असो, पत्र गाडीबद्दल आहे.

तीन आठवडे झाले, रोज सकाळी सेल्फ दाबलं की गाडी नुसती टक् करते. (किक नसलेली गाडी घेऊ नकोस असं मी तेव्हाच म्हटलं होतं. म्हटलं नसेन तर आता म्हणते.) मग समोरचे शिंपीकाका आणि मी ती कोपऱ्यापर्यंत ढकलतो. लॅबमध्ये उपाशीपोटी ताटकळलेले लोक माझ्याकडे अशा नजरेने बघतात की सुई त्यांच्या हातात दिसावी. मॅडमनी आता लेखी खुलासा मागितला आहे.

बॅटरी नवी, म्हणजे घोळ चार्जिंगमध्ये, असं ठरवून मी मल्टिमीटर आणला आणि बाबांना गुरू केलं. पहिल्याच दिवशी मी वायर भलत्याच भोकात खोचून बॅटरीला लावली. ठिणगी उडाली, मीटरचा फ्यूज गेला, आणि बाबा म्हणाले, सुरुवात चांगली झाली. दुसऱ्या दिवशी गाडी ढकलून चालू केली, रेस दिली, तर मीटरवर चौदा व्होल्ट. एवढे आले म्हणजे चार्जिंग ठीक, असं मी वाचलं होतं. बाबांनी मान हलवली आणि मीटर खोटं बोलतंय असं सांगून टाकलं. मग मॅग्नेट कॉइलच्या तिन्ही पिवळ्या वायरी तपासल्या, ठणठणीत. रेग्युलेटर बदलला, फरक शून्य. एकेक कनेक्टर पॉलिश पेपरने घासला, चावी बंद ठेवून कुठे करंट गळतोय का तेही पाहिलं, काही नाही. नुसत्या आवाजावरून पंपाची कुठली कॉइल जळाली ते सांगणारा हा माणूस रोज नवा दोष काढायचा, आणि मला तपासायला बसवायचा ते संध्याकाळीच. दुपारी मी झोपलंच पाहिजे, माझे डोळे खोल गेलेत म्हणे. इतक्या लाडाने ते कधी बोलले नव्हते, म्हणून मीही झोपत गेले.

थोडक्यात, दोष सापडला नाही. गाडी मेकॅनिककडे टाकते. जपून राहा.

तुझी,
धाकटी

ता. क. – पत्र पाकिटात घालायचं राहिलं ते बरं झालं. दोष सापडला. आज दुपारी पाणी प्यायला उठले, तर मागच्या शेडमध्ये आई उलट्या बादलीवर बसलेली. तिचा फोन (तोच, वायर काढली की मान टाकणारा) तू हँडलला बसवलेल्या सॉकेटमध्ये खोचलेला, गाडीची चावी चालू, हेडलाइट भर दुपारी भिंतीवर, आणि स्पीकरवर तू. रोज तासभर चालतं म्हणे. शेड म्हणजे काही घर नव्हे, असं आईचं म्हणणं. मला यातलं काही कळवलं नाहीस, त्याचं मी नंतर बघून घेईन.

ता. क. २ – खरी गोष्ट पुढेच आहे. स्वयंपाकघराच्या दाराआड बाबा उभे होते, हातात टेस्टर. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "थांब जरा. खोकला गेलेला नाही अजून त्याचा." पहिल्या दिवसापासून त्यांना सगळं ठाऊक होतं. तुझे फोन चालू राहावेत म्हणून तीन आठवडे त्यांनी मला चांगल्या वायरी घासायला लावल्या. मला तिथेच रडू आलं, दादा.

ता. क. ३ – एवढं एक कर. शनिवारी आईला म्हण, फोन बाबांना दे. मोठ्याने म्हणायची गरज नाही. रविवारी मला सुट्टी आहे, बॅटरी पार उतरली तरी चालेल.